ग्रिफीचा स्विंग: बेसबॉलमधला सगळ्यात देखणा, की फक्त आपल्या पिढीचा लाडका?

सिएटलनिवासी:
आधी माझं मत सांगतो, मग भांडू. सिएटलच्या केन ग्रिफी ज्युनियरइतका देखणा स्विंग (बॅट फिरवण्याची ढब) बेसबॉलच्या इतिहासात दुसऱ्या कुणाचा नाही. आणि हा देखणेपणा निव्वळ बघण्यापुरता नव्हता, त्याचे ६३० होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर पाठवणारे फटके) त्यातूनच आले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी १९९७च्या सुमाराची कुठलीही चित्रफीत काढावी. त्या वर्षी त्याने ५६ होमरन मारले आणि अमेरिकन लीगचा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) एकमताने झाला. डावखुरा बॅटर. प्लेटपाशी, म्हणजे बॅटरच्या जागी, उभा राहतो तो जवळजवळ ताठ, वाकून दबा धरल्यासारखा नाही. मागची कोपर वर, बॅटचं टोक डोक्यामागे सावकाश हलतंय. पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) हात वर गेला की उजवा पाय जरासा उचलून पुढे टेकतो. डोकं जागचं हलत नाही. मग आधी कंबर उघडते, तिच्यामागून खांदे, आणि हात सगळ्यात शेवटी. चेंडू निघून गेल्यावरसुद्धा बॅट थांबत नाही, उंच चढत खांद्यामागे जाते. आणि हा गडी लगेच पळत सुटत नाही. सरळ उभा राहून चेंडू कुठे चाललाय ते बघत दोन पावलं चालतो.

आता हे किती वेळात होतं ते बघा. ताशी नव्वद मैलांच्या वरचा चेंडू प्लेटपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. त्यातले ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. म्हणजे चेंडू ओळखायला आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायला राहिला पाव सेकंद. एवढ्यात सगळं उरकणारी माणसं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांच्या अंगात ती घाई दिसते. जबडा आवळलेला, मान खेचलेली, फटक्यानंतर तोल गेलेला. ग्रिफीच्या अंगात घाई कुठेच दिसत नाही, कारण त्याची एकही हालचाल वाया जात नाही. माझ्या लेखी सौंदर्य म्हणतात ते हेच.

बॉस्टनकर:
आदर राखून असहमत. आमच्या बॉस्टनच्या टेड विल्यम्सचं नावसुद्धा न घेता हा विषय काढता कसा येतो?

पिचर माउंडवर, म्हणजे उंचवट्यावर, उभा असतो, त्यामुळे त्याचा चेंडू प्लेटकडे उतरत येतो. टेडचं म्हणणं असं की बॅटही त्याच उतारावर, खालून किंचित वर चढत गेली पाहिजे, म्हणजे ती चेंडूच्या वाटेवर जास्त वेळ राहते. त्याच्या काळात सगळे प्रशिक्षक चेंडूवर वरून खाली मारायला सांगायचे, तेव्हा हा माणूस उलट सांगत होता. आज सगळं जग त्याचंच ऐकतंय. तुम्ही वर्णन केलेला ग्रिफीचा स्विंगही टेडच्याच घराण्यातला आहे.

बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानाच्या उजव्या बाजूच्या बाकड्यांत हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची आहे. ९ जून १९४६ रोजी टेडने मारलेला चेंडू तिथे पडला, ५०२ फुटांवर. तिथे बसलेल्या माणसाच्या स्ट्रॉ हॅटला भोक पडलं होतं. त्या खुर्चीवर बसून प्लेटकडे पाहिलं की बॅटर ओळखूसुद्धा येत नाही. चेंडू एवढ्या लांब पाठवणारा माणूस सडपातळ होता, आणि कारकिर्दीत ५२१ होमरन मारताना फक्त ७०९ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकनंतर बाद) झाला. तेही दुसरं महायुद्ध आणि कोरियाच्या युद्धात जवळजवळ पाच हंगाम गमावून. देखणेपण आणि अचूकपणा दोन्ही एकाच माणसात हवं असेल तर तो टेड आहे.

मृण्मयी_बेलव्ह्यू:
सिएटलनिवासी यांना अनुमोदन. ८ ऑक्टोबर १९९५चं काय? न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या बाद फेरीच्या मालिकेतला पाचवा सामना, आठव्या इनिंगमध्ये त्यांचा पिचर डेव्हिड कोनला मारलेला होमरन बघा. मे महिन्यात सिएटलच्या किंगडोम मैदानाच्या भिंतीवर आदळून याच माणसाचं डावं मनगट मोडलं होतं, त्यात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले होते. त्या मनगटाने त्या मालिकेत पाच होमरन! अकराव्या इनिंगला एडगर मार्टिनेझच्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर) पहिल्या बेसवरून सुटून ग्रिफी होम प्लेटवर पोचला आणि सिएटलने सामना जिंकला, ते सगळ्यांना आठवतं. मला तो कोनविरुद्धचा फटका जास्त प्रिय आहे.

शिवाजीपार्क:
मी क्रिकेटवर वाढलो, त्यामुळे मला हा सगळा विषय नीट समजून घ्यायचाय. आमच्याकडे देखणेपण येतं ते निवडीतून. तोच चेंडू एक जण सरळ बॅटने गोलंदाजाच्या बाजूने ढकलतो, दुसरा मनगट वळवून मिडविकेटला पाठवतो. बेसबॉलमध्ये बॅटर एकच गोष्ट करतो, बॅट आडवी फिरवतो. शंभर वेळा तेच. कसबाचं मला कौतुक आहे, पण त्यात शैली कुठे बघायची?

सिएटलनिवासी:
@शिवाजीपार्क, उत्तम प्रश्न. तिथे चेंडू टप्पा न पडता गुडघ्यापासून छातीपर्यंत कुठल्याही उंचीवर येतो, म्हणून बॅट आडवीच हवी. आणि ती गोल असते, जास्तीत जास्त २.६१ इंच जाडीची. चपटं पातं नाही. गोलाला गोल भिडवायचा. अर्धा इंच इकडेतिकडे झालं तर तोच टोला आकाशात चढतो किंवा जमिनीवर लोळतो. निवड आहेच, फक्त ती दिसत नाही. आतल्या चेंडूला कंबर लवकर उघडायची, बाहेरच्याला थांबून धरायची, चेंडू संथ निघाला तर पुढचा पाय टेकूनही हात मागे राखायचे. पुढच्या वेळी ग्रिफीला चेंजअप (वेगवान वाटणारा पण संथ येणारा चेंडू) पडलेला बघा. पाय टेकलाय, कंबर निघालीय आणि हात अजून मागे थांबलेत. शैली तिथे आहे.

@बॉस्टनकर, टेड थोर होता, वाद नाही. पण त्याच्या स्विंगमध्ये मला जोर दिसतो. ग्रिफीच्या स्विंगमध्ये जोर दिसतच नाही, चेंडू कुठे पडला त्यावरून तो कळतो.

कॅमेऱ्यामागून:
मी खेळांच्या चित्रीकरणात काम करतो, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. कुणाच्या भक्तीला धक्का लावायचा हेतू नाही.

बेसबॉलमधले देखणे स्विंग म्हणून नावं घ्यायला लागा. विल्यम्स, ग्रिफी, बॉन्ड्स, टोनी ग्विन, विल क्लार्क. सगळे डावखुरे बॅटर. हा योगायोग नाही. टीव्हीवर आपण जो मुख्य कॅमेरा बघतो तो बहुतेक मैदानांत सेंटर फील्डमध्ये, म्हणजे पिचरच्या मागच्या लांबच्या टोकाला, मधोमध नसतो. उजव्या हाताच्या पिचरच्या पाठीआड प्लेट झाकली जाऊ नये म्हणून तो थोडा लेफ्ट फील्डकडे (बॅटरच्या बाजूने पाहिलं तर डावीकडे) सरकवलेला असतो. त्या जागेवरून डावखुऱ्याची छाती, चेहरा, दोन्ही हात असं सगळं समोर येतं. उजव्या हाताच्या बॅटरची बऱ्यापैकी पाठच दिसते.

दुसरं म्हणजे पहिला बेस. डावखुऱ्याचं अंग फटका मारता मारता त्याच बाजूला वळत असतं, म्हणून फटका आणि धाव एकाच ओघात होते. उजव्या हाताचा बॅटर तिसऱ्या बेसकडे वळून संपतो, मग अंग सावरून उलटं फिरायचं. त्या सावरण्याला आपण बेढबपणा समजतो. एडगर मार्टिनेझ ग्रिफीच्याच संघात होता. त्याचा स्विंग पहिल्या बेसच्या बाजूने टिपलेला बघा आणि मग मत ठरवा. आणि जो डिमॅजिओ? ३६१ होमरन, ३६९ स्ट्राइकआउट. उजव्या हाताचा होता, म्हणून या यादीत कायम मागे राहतो.

आकडेमोड:
कॅमेऱ्यामागून यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा.

माझा आक्षेप त्याहून मोठा आहे. देखणेपणाने फटका चांगला होतो हेच मुळात सिद्ध झालेलं नाही. ग्रिफी १,७७९ वेळा स्ट्राइकआउट झाला आणि त्याची कारकिर्दीतली सरासरी ०.२८४, म्हणजे दर हजार प्रयत्नांत २८४ हिट्स (बेस मिळवून देणारे फटके). उत्तमच आहे, पण आता स्टॅन म्यूझियलकडे या. ग्रिफी जन्मला त्याच पेन्सिल्व्हेनियातल्या डोनोरा गावात, त्याच २१ नोव्हेंबरला, ४९ वर्षं आधी. म्यूझियल उभा कसा राहायचा? पाय जवळ, अंग पिळवटलेलं, खांद्याआडून डोकावत. तशा उभं राहण्याला देखणं कुणी म्हणणार नाही. हिट्स ३,६३०, सरासरी ०.३३१, स्ट्राइकआउट ६९६.

आता तर मेजर लीग प्रत्येक स्विंग मोजते. बॅटची सरासरी गती ताशी ७२ मैलांच्या आसपास आहे. जियांकार्लो स्टँटन तिच्या खूप पुढे, लुईस अराएझ खूप मागे, आणि दोघांचंही चालतं. एक चेंडू स्टँडमध्ये भिरकावतो, दुसरा जवळजवळ स्ट्राइकआउटच होत नाही. यात देखणा कोण हा प्रश्न मोजमापात बसत नाही. नव्वदच्या दशकात उलटी टोपी, हसरा चेहरा, बुटांच्या जाहिराती हे सगळं एका मुलाभोवती जमलं आणि लोकांनी त्याच्या स्विंगला देवत्व दिलं. १९९३च्या होमरन डर्बीत (होमरन मारण्याच्या स्पर्धेत) बाल्टिमोरच्या मैदानाबाहेरच्या विटांच्या गोदामावर ग्रिफीने चेंडू थेट आदळवला, ते सगळे सांगतात. ती डर्बी हुआन गोन्झालेझ जिंकला, हे कुणी सांगत नाही.

मृण्मयी_बेलव्ह्यू:
आकडेमोड, मग आकड्यांतच बोलू. म्यूझियलच्या काळातल्या आणि नव्वदच्या दशकातल्या स्ट्राइकआउटची थेट तुलना होत नाही. तेव्हा एकच पिचर बऱ्याचदा अख्खा सामना टाकायचा, आता सातव्या इनिंगला ताज्या हाताचा नवा माणूस येतो. आणि सलग आठ सामन्यांत होमरन मारणारे इतिहासात तीनच आहेत: डेल लाँग, डॉन मॅटिंगली आणि १९९३चा ग्रिफी. जाहिरातीने होमरन होत नाहीत.

मुलांचा_कोच:
न्यू जर्सीत लिटल लीगच्या मुलांना शिकवतो, त्यात आपली मराठी मुलंही आहेत. भांडण दोन पिढ्यांचं असलं तरी मला ते दर शनिवारी मैदानावर सोडवावं लागतं.

मुलाला ग्रिफीची चित्रफीत दाखवली की तो काय उचलतो? शेवट. बॅट उंच मागे न्यायची आणि चेंडूकडे बघत उभं राहायचं. टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर) ठेवलेला स्थिर चेंडूही मग त्याला सापडत नाही, कारण शेवट देखणा करायच्या नादात डोकं आधीच वर गेलेलं असतं. टी हलते, चेंडू तिथेच खाली टपकतो. हा दोष ग्रिफीचा नाही. त्याचा शेवट ही आधी बरोबर केलेल्या सगळ्याची परिणती होती, तो मुद्दाम काहीच करत नव्हता. पण आकडेमोड यांच्याशी मी इथेच असहमत आहे. देखणेपण आणि फटका वेगळे नाहीत. बरोबर क्रमाने हललेलं अंग देखणंच दिसतं. म्यूझियलचं उभं राहणं विचित्र असेल, पण पुढचा पाय टेकल्यानंतरचा म्यूझियल बघा. तिथून पुढे तो आणि ग्रिफी सख्खे भाऊ वाटतात.

बॉस्टनकर:
कोच, पटलं. म्हणूनच माझा टेडचा आग्रह वाढतो. स्विंग खरोखर इतका बिनकष्टाचा असेल तर तो टिकायला हवा. टेडने १९५७ साली वयाच्या ३८-३९व्या वर्षी ०.३८८ची सरासरी ठेवली. २८ सप्टेंबर १९६० रोजी, ४२ वर्षांचा असताना, शेवटच्या वेळी बॅट हातात घेतली आणि होमरन मारला. ग्रिफी तिशीनंतर सिनसिनाटीला गेला आणि पहिल्या वर्षीचे ४० होमरन सोडले तर तसा पुन्हा कधी दिसला नाही.

सिनसिनाटीची_स्नेहल:
बॉस्टनकर, इथे मात्र मला बोलावंच लागेल. आमच्याकडे त्याचा स्विंग संपला नव्हता, अंग मोडलं होतं. आणि ते बॅट फिरवताना मोडलं नाही. गुडघा गेला, घोटा गेला, मांडीचा स्नायू हाडापासून सुटला, आणि २००३ साली झेल घ्यायला सूर मारताना उजवा खांदा निखळला. डावखुऱ्या बॅटरचा उजवा खांदा म्हणजे पुढचा खांदा, सगळा स्विंग तोच ओढून नेतो. टेडने लेफ्ट फील्ड सांभाळलं, ते मी कमी लेखत नाही. पण सेंटर फील्डमध्ये भिंतींवर अंग झोकून देत लागोपाठ दहा गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) मिळवणं वेगळं.

खांदा निखळल्याच्या पुढच्याच वर्षी, २० जून २००४ला, फादर्स डेच्या दिवशी सेंट लुईसमध्ये मॅट मॉरिसला त्याने पाचशेवा होमरन मारला. केन ग्रिफी सीनियर स्टँडमध्ये होते. १९९०च्या सप्टेंबरमध्ये याच बापलेकांनी सिएटलकडून एकापाठोपाठ एक होमरन मारले होते. तो पाचशेवा बघा आणि मग १९९७चा कुठलाही शेजारी लावून बघा. पाय थोडा जड झालाय, धाव गेलीय. हात तेच आहेत.

बॉस्टनकर:
स्नेहलताई, दोन्ही शेजारी लावून पाहिले. हातांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण तसेच १९४१ आणि १९६०चे टेडचे हातही बघा, आणि मग सांगा कुणाचा खांदा आधी उघडतो. मला अजूनही टेडचाच शेवटपर्यंत मिटलेला दिसतो.

कॅमेऱ्यामागून:
त्यासाठी दोघांचंही तिसऱ्या बेसच्या बाजूचं चित्रीकरण लागेल. सेंटर फील्डवरून खांदा नेमका कधी उघडला ते कळत नाही. माझ्याकडे ग्रिफीचं काही आहे, उद्या फ्रेम काढून इथे टाकतो. टेडचं कुणाकडे असेल तर द्या.