मदत हवी आहे: मुलाच्या रिपोर्टमध्ये एमसी४आर म्युटेशन, इंजेक्शन चालेल का?

सायली_प: लेकाचा जेनेटिक रिपोर्ट आज आला. एमसी४आर या मेंदूतल्या भूक आवरणाऱ्या रिसेप्टरमध्ये म्युटेशन, हेटेरोझायगस, म्हणजे जीनच्या दोनपैकी एकाच प्रतीत. डॉक्टर पंधरा दिवसांनी भेटणार. वजनासाठी सेटमेलॅनोटाइड नावाचं इंजेक्शन असतं म्हणे, ते याला चालेल का? लवकर सांगा प्लीज. डाएटचे सल्ले नकोत.

गोट्या७७: वय? वजन? उंची? पॅथोजेनिक, म्हणजे आजार करणारं, लिहिलंय की अनसर्टन? काही न सांगता लवकर काय सांगणार?

नलूमावशी: माझ्या भाच्याचं थायरॉइड निघालं होतं. आधी ते बघ. आणि बिस्किटं बंद कर.

सायली_प: थायरॉइड नॉर्मल आहे हो मावशी, लिहायचं राहिलं. सात वर्षांचा, ४३ किलो, उंची १३४. वर्गात सगळ्यांत उंच. जेवून उठला की वीस मिनिटांत "आई, भूक". रात्री उठून फ्रीज उघडतो.

रानवारा: दोनदाच वाढा, मधे काही नाही. मी चार महिन्यांत ११ किलो उतरवले. जीन्स वगैरे नुसत्या सबबी.

गोट्या७७: सात वर्षांच्या पोराला उपाशी ठेवायचं? धन्य आहात.

जनुकवाला: उंची आणि भूक वाचून नवल वाटलं नाही. २००३ मध्ये केंब्रिजच्या गटाने लहानपणापासून अतिस्थूल असलेली ५०० माणसं तपासली, ५.८ टक्क्यांत हाच बिघाड. अशी मुलं उंचही वाढतात.
चरबीतलं लेप्टिन हार्मोन मेंदूला कळवतं, तिथून अल्फा-एमएसएच हा निरोप्या निघतो आणि एमसी४आरची बेल दाबतो: पुरे आता. काहींच्यात बेल दाबणाराच नसतो, उदा. ज्यापासून अल्फा-एमएसएच बनतं त्या पीओएमसीचा दोष. सेटमेलॅनोटाइड त्याच्या जागी बेल दाबतं, म्हणून २०२० मध्ये अमेरिकेत तशा रुग्णांसाठी मंजूर झालं. इथे बेलच बिघडलेली. दोन प्रतींपैकी एक धड आहे, पण तेवढ्यावर ती मंजुरी लागू होत नाही.

रानवारा: आजोबांच्या काळी नव्हतं वाटतं हे म्युटेशन?

जनुकवाला: होतं. फ्रीज नव्हता.

प्राजक्त_यूके: लिराग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या दुसऱ्या इंजेक्शनचं विचारा. डेन्मार्कमध्ये हा दोष असलेल्या मोठ्या माणसांचं वजन त्यावर इतरांइतकंच उतरलं. सात वर्षांच्या मुलाचं मात्र मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टलाच विचारायचं.

नलूमावशी: गोट्या, तुझा घावनांचा धागा सापडत नाहीये रे.

सायली_प: आत्ता नीट पाहिलं, "अनसर्टन सिग्निफिकन्स" लिहिलंय. म्हणजे दोष नाहीच का?

जनुकवाला: म्हणजे अजून ठरलेलं नाही. प्रत्येक बदल वाईट नसतो. एमसी४आरमधलाच व्ही१०३आय नावाचा बदल असलेल्यांचं वजन सरासरीने उलट किंचित कमी भरतं. तुम्हा दोघांची टेस्ट करा, बदल कोणाकडून आला आणि त्या व्यक्तीचं वजन काय, यावरून थोडा अंदाज येतो.

सायली_प: नवरा काडीपैलवान, मी ९० किलो. सासूबाई आधीच म्हणतात, पोरगं आईवर गेलंय. आता ते लॅबकडून लिहून आणून देऊ होय?