ख्रिश्चन धर्माला त्याच्या माणसांच्या इतिहासावरून मोजायचं का?

प्रश्न: आम्ही नाशिकरोडला राहतो, शेजारच्या काकू मराठी ख्रिश्चन, दर नाताळला करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा देतात. यंदा डबा घेऊन आल्या तेव्हा घरात गोव्याचा विषय चालला होता आणि मी त्यांच्यासमोरच बोलून गेलो की ज्या धर्माने इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागल्याचा ठपका ठेवून शिक्षा देणारं चर्चचं कोर्ट) चालवलं त्याने प्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत. काकू काही बोलल्या नाहीत, पाणीसुद्धा न घेता गेल्या. आमचं कुलदैवत मंगेशी, मूळ देऊळ कुठ्ठाळीला होतं, पोर्तुगीजांच्या भीतीने 1560 मध्ये देव प्रियोळला हलवावा लागला, त्याच वर्षी इन्क्विझिशन सुरू झालं ते पार 1812 पर्यंत. त्यामुळे राग खोटा नाहीये माझा. पण तेव्हापासून डोक्यात हेच चालूये की चुकलं का माझं?

गोदाकाठ: राग बरोबर आहे, पण काढला चुकीच्या माणसावर. मी शरणपूर रोडवर वाढलो, तिथलं शरणपूर म्हणजे मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. इंग्रजांच्या नौदलाने गुलामांची जहाजं पकडली की सोडवलेली आफ्रिकन पोरं इथे आणून शिकवायचे. त्यातलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी संशोधक लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याने प्रार्थना वाचली, मग सोबत्यांबरोबर तो देह कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला आणि 1874 ला लंडनमध्ये अंत्यविधीलाही तो होता. आपल्या नाशकात शिकलेला पोरगा. हे पण त्याच धर्माच्या खात्यात मांडणार ना?

वकीलवाडी: मांडा, पण मग दोन्ही मांडा. अटलांटिकवर लाखो माणसं जहाजात कोंबून विकणारेही चर्चला जाणारेच होते आणि त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडणारा ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सही, गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा 1807 चा ब्रिटिश कायदा झाला तो त्या झगड्यातून. मला चीड येते ती एका गोष्टीची, वाईट वागला तो खरा ख्रिश्चन नव्हता म्हणायचं आणि चांगला वागला की बघा आमचा धर्म. असं नाही चालत. इन्क्विझिशन कुणी चार गुंडांनी केलं नव्हतं, पोपच्या मान्यतेने चाललेलं कोर्ट होतं ते, कागदपत्रं, शिक्षा सगळं रीतसर. संस्थेचा हिशोब संस्थेकडेच मागायचा, आणि तो मागायचा अधिकार खुद्द येशूने दिलाय, बायबलमधल्या मत्तयच्या 7 व्या अध्यायात, फळांवरून ओळखा म्हणून. शेजारणीकडे कशाला मागता?

पंचवटीकर: मला यात काळाराम आठवतो. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला आणि माणसांना देवळात जाऊ द्यायचं नाही म्हणून दारं लावून घेतली. आम्ही त्याच गल्लीत राहतो, आजोबा सांगायचे आणि सांगताना मान खाली घालायचे. मी आजही रोज त्या रामाला नमस्कार करतो. दारं लावणाऱ्यांवरून मी रामाला नाही मोजत, पण दारं लावणारे आपलेच होते हेही नाकारत नाही, आणि 1935 ला बाबासाहेब येवल्यात बोलले की हिंदू म्हणून मरणार नाही, तेव्हा त्यांनी धर्म त्याच्या वागण्यावरूनच मोजला ना, ज्याने सोसलं त्याचं मोजमाप खोटं कसं म्हणू? म्हणून तुम्हाला मंगेशीचं दुःख आहे ते सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त काकूंच्या पूर्वजांनी धर्म का घेतला असेल ते एकदा त्यांना विचारा, आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ते उत्तर देवळाच्या बंद दारापाशी सापडेल.

मूळ प्रश्नकर्ता: पंचवटीकर, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. एवढी वर्षं शेजार आहे पण हे कधी विचारलं नाही मी. इन्क्विझिशनबद्दल माझं मत तेच आहे, ते बदलणार नाही. डबा अजून आमच्याच ओट्यावर आहे, रिकामा परत करायची पद्धत नाही आमच्यात, आईने आज तिळाच्या वड्या केल्यात, त्या भरून मी स्वतः घेऊन जातोय.