मदत हवी आहे: फिजोआला फुलं भरपूर, फळ एकही नाही

ऑकलंडला (न्यूझीलंड) अंगणात फिजोआचं, म्हणजे पेरूच्या कुळातल्या एका फळझाडाचं, झुडूप आहे, पुरुषभर उंच. बियांपासून आलेलं, त्यामुळे जात माहीत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात लाल केसरांची फुलं लगडतात आणि सगळी गळून जातात. ऊन, पाणी, खत व्यवस्थित आहे. ब्रशने त्याच झाडाचे पराग फिरवून पाहिले, उपयोग शून्य. शेजारीपाजारी दुसरं फिजोआ नाही. गोड पाकळ्या आम्ही कोशिंबिरीत घालतो, पण मधल्या केसरांना धक्का न लावता खुडतो. पाकळ्या खायला येणाऱ्या ब्लॅकबर्ड पक्ष्यांना हाकलत नाही, परागीभवन तेच तर करतात! बहुतेक फिजोआंना दुसऱ्या जातीचे पराग लागतात, हे ठाऊक आहे. पण जागा एकाच रोपाची उरली आहे. फिजोआच्या जातींपैकी अपोलो लावू की युनिक? की याच झाडावर दुसऱ्या जातीचं कलम बांधून भागेल, आणि ते कोणत्या महिन्यात बांधावं?