मदत हवी आहे: साध्या पेट्रोल इंजिनाला टर्बो, पण इंजिन न उघडता

नमस्कार मंडळी,

माझ्या गाडीच्या इंजिनाला टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) बसवायचा आहे. इंजिन १.६ लिटर, चार सिलिंडर, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.५:१. पिस्टन, रॉड सगळे कंपनीचेच. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ५-६ पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर न्यायचा नाही. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), मोठे इंजेक्टर, वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) आणि ट्यून करता येणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) घेणारच आहे, तिथे काटकसर नको.

गेल्या रविवारी कॉम्प्रेशन तपासलं. तीन सिलिंडर १८० पीएसआयच्या आसपास, चौथा १६८. त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर १७८! ऑइलने पिस्टनच्या रिंगांची फट तात्पुरती बुजली, म्हणजे रिंगा थोड्या झिजल्यात. फरक दहा टक्क्यांच्या आत आहे, पण टर्बो बसवल्यावर हाच सिलिंडर आधी दगा देईल का, ही धाकधूक आहे.

खरा अडला आहे तो ऑइलचा परतीचा पाइप. टर्बोतून ऑइल खाली सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) आपल्या वजनानेच उतरतं, आणि माझ्याकडे नेमका ड्राइव्हशाफ्ट (चाकं फिरवणारा दांडा) आडवा येतोय. पाइपला वळण दिलं तर मध्येच ऑइल साचून टर्बोच्या सीलमधून धूर येईल. टर्बो वर घ्यावा, की ऑइल ओढणारा वेगळा पंप लावावा? कुणी केलं असेल तर फोटो टाका.

इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दर पीएसआयला एक अंश मागे घ्यायचं, हा ठोकताळा ऐकलाय. एवढ्या कॉम्प्रेशनला तो पुरतो का? नॉकिंगमुळे (इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांमुळे) पिस्टनची रिंग लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटलेली एकदा हातात घेऊन पाहिली आहे, म्हणून आधीच विचारतोय.