धुरा : तो की ती?

दर्यापूरकडून (अमरावती जिल्हा) प्रश्न : पेपरात ‘पक्षाची धुरा तरुणांकडे’ असा मथळा आला की आमच्या पारावर कोणीतरी हमखास विचारतं, ‘कोनाचा धुरा कोरला म्हन्ते?’ आमच्याकडे धुरा म्हणजे वावराचा बांध. हे दोन शब्द एकच समजायचे का?

— लिंग पाहा, घोळ मिटतो. वावराचा तो धुरा, त्याचे अनेकवचन धुरे. सांभाळायची ती धुरा, तिला अनेकवचन नाहीच. ती संस्कृतातून आली. गाडीच्या दांडीला जू बसते तो पुढचा भाग, त्यावरून ओझे, त्यावरून जबाबदारी. धुरंधर, धुरीण तिच्याच घरातले. धुरकरीही. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणाऱ्याला आपल्याकडे धुरकरीच म्हणतात. २०१४ च्या बंदीनंतर हा शब्द म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरला होता. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने परवानगी दिली, तसा तो पोरांच्या स्टेटसवर आला.

— धुऱ्याचा खरा संसार भांडणाचा. उन्हाळवाहीला शेजारी वखर जरा आत घालतो, यंदा वीतभर, पुढच्या वर्षी आणखी वीतभर. बोरी-बाभळीची मुळं उघडी पडली की समजायचं, धुरा कोरला. मग मोजणीचा अर्ज, आणि मोजणीवाले येईपर्यंत दोन्ही घरांचा बोलाचाला बंद. म्हणून हळूहळू, गोड बोलून दुसऱ्याचं लाटणाऱ्यालाही ‘धुरा कोरनारा’ म्हणतात. भावकीत तर फारच. ‘त्याचा न् माहा धुरा एकच हाय’ यात मात्र शेजार आहे. सलोखा असेलच असं नाही.

— दर्यापूर : आमच्या घरी आणखी एक चालतं. निंदणाला हात न लावता सल्ले देणाऱ्याला आजी म्हणायची, ‘धुऱ्यावरून नोको सांगू, पातीले लाग.’ पात म्हणजे निंदताना एकेकीच्या वाट्याला आलेली तासं, पिकाच्या ओळी. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये हे वाक्य किती वेळा जिभेवर येतं!

— साकोलीकडून (भंडारा जिल्हा) : आमच्या धानपट्ट्यात धुरा नुसती हद्द नाही. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी तोच अडवतो. फुटला की खालच्या बांधीत पाणी, वरची कोरडी. आणि धुऱ्यावर तूर लावतात, घरच्या वरणापुरती तरी होते. त्यामुळे ‘धुऱ्यावरचा’ म्हणजे कामचुकार हे आम्हाला पटायचं नाही.

— दर्यापूर : कबूल. पण तुमची तूर धुऱ्यावर बसून सल्ले देत नाही ना!