गिलनेटची फायबर बोट, परवाना संपत आलाय आणि 1 ऑगस्ट जवळ आला: सुरुवात कुठून करू?

वेंगुर्ल्याची_तरती_जाळी
नमस्कार मंडळी. मासेमारी बंदी उठून 1 ऑगस्टला समुद्रात निघायचंय. बोट 32 फुटी, फायबरची. आत बसवलेलं डिझेल इंजिन, तांडेल (बोटीचा प्रमुख) धरून पाच माणसं. काम पापलेट आणि सुरमईच्या तरत्या गिलनेटचं, म्हणजे मासा कल्ल्यापाशी अडकतो त्या जाळ्यांचं. मासेमारी परवान्याची मुदत याच महिन्यात संपते. इंजिन मागच्या मोसमात बदललं, पण नोंदणीवर अजून जुनाच नंबर आहे. तळाला उजव्या बाजूला वीतभर तडा आहे. तंगूसच्या (नायलॉनच्या एकेरी पारदर्शक धाग्याच्या) जाळ्यांचे बारा तुकडे आहेत, काही तीन मोसम वापरलेले. पैसा मोजकाच आहे. आधी कागद करू, जाळी करू की बोट? आणि जाळ्यांतली कोणती ठेवायची, कोणती काढायची हे कसं ठरवायचं?

बंदरावरचा
आधी कागद, कारण त्यातला वेळ आपल्या हातात नसतो. रंगकाम चार दिवसांत उरकतं, अडकलेला अर्ज उरकत नाही.

नोंदणी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथेच बरेच जण गोंधळतात. बोटीची नोंदणी व्यापारी नौवहन कायद्याखाली होते. मासेमारीचा परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 खाली मत्स्यव्यवसाय विभाग देतो. दोन्हींचे अर्ज रिअलक्राफ्ट या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर होतात आणि परवान्याचा अर्ज नोंदणीतली माहिती उचलतो. म्हणून तुमच्या बाबतीत क्रम असा: पहिल्यांदा नोंदणीत इंजिनाचा बदल, मगच परवान्याचं नूतनीकरण. उलटं केलंत तर पाहणीला आलेला माणूस इंजिनावरची पट्टी बघेल, कागदावर दुसरा नंबर असेल आणि अर्ज परत येईल.

इंजिनासाठी पावती नोंदणीतल्या मालकाच्याच नावावर हवी. भावाच्या किंवा मुलाच्या नावावर असेल तर दुकानातून आधी दुरुस्त करून घ्या. जुनं इंजिन विकत घेतलं असेल तर विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेली विक्रीपावती घ्या. नंबराच्या पट्टीवरचा गंज आणि ग्रीस पुसून सरळ उजेडात फोटो काढा. 8 आणि 3 किंवा 0 आणि 6 यांची गल्लत नेहमीची आहे. अश्वशक्ती बदलली असेल तर तीही कळवायची.

आधार, बँक पासबुक आणि नोंदणी यांत नाव अक्षरशः एकसारखं आहे का पाहा. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यानेही अर्ज थांबतो. मच्छीमार सहकारी संस्थेची बाकी असेल तर ती आत्ताच निपटवा. संस्थेचा दाखला आणि डिझेल परतावा दोन्ही तिथूनच पुढे सरकतात.

परवान्यावर जाळ्याचा प्रकार लिहिलेला असतो. गिलनेटचा परवाना असताना बोटीवर दुसरं जाळं सापडलं तर तो परवान्याचा भंगच. कायद्याच्या 2021च्या दुरुस्तीनंतर दंडाची प्रकरणं विभागाचे अधिकारीच चालवतात आणि दंडही पूर्वीपेक्षा बरेच जड झालेत.

बोटीचा नोंदणी नंबर रंगवताना नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना आणि केबिनच्या छतावर, अक्षरं ठळक. सिंधुदुर्गाच्या नंबरात राज्यानंतर 5 येतो. तो पुसट असेल तर नुसतं गिरवू नका, खरवडून पुन्हा लिहा. ओल्या फायबरवर गिरवलेला रंग महिन्यात सुटतो.

जाळंवाला
दादा, बारा तुकड्यांचा निकाल डोळ्यांनी लावू नका, हातानं लावा. तंगूस उन्हानं आतून मरतो, वरून चकचकीत दिसत राहतो. प्रत्येक तुकड्यातून वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातला एकेक धागा काढा. तो भिजवून मधोमध साधी गाठ मारा आणि दोन्ही हातांनी झटका द्या. तसाच नवा धागा त्याच जाडीचा घेऊन तोही तोडून बघा. गाठीपाशी कमी जोरात कडकन तुटत असेल किंवा दुमडल्यावर पांढरी रेघ पडत असेल, तर तो तुकडा संपला. उन्हात जास्त राहिलेला वरचा भागच मेला असेल आणि खालचा चांगला असेल, तर खालचं कापून ठिगळांसाठी ठेवा. वापरात न्यायचं नसेल ते कापलेलं जाळं समुद्रात मात्र कधीच टाकू नका. ते वर्षानुवर्षं मासे मारत राहतं.

आता दोरावर बांधणी. जाळं सारखंच असूनही एक तुकडा भरतो आणि दुसरा रिकामा येतो, याचं कारण बऱ्याचदा बांधणीत असतं. ताणलेलं जाळं 100 मीटर असेल तर ते 50 मीटर दोरावर बसवायचं, हे प्रमाण धरून चाला. समजा आस (जाळ्याचं एक छिद्र, ताणून मोजलेलं) 120 मिमी. प्रत्येक आसाला दोराचे 60 मिमी मिळाले पाहिजेत. दर पाच आसांना एक बांध घातलात तर बांधांमधलं अंतर 300 मिमी येतं. एवढ्या लांबीची लाकडी पट्टी कापा आणि प्रत्येक बांध त्यावरच मोजा. अंदाजानं बांधलं की मध्ये 280, शेवटी 340 होतं आणि जाळं पाण्यात चुण्या पडून लोंबतं. दोरावर जास्त ताणून बसवलं तर आस उघडा राहतो, पण सैलपणा जातो. मासा धडकून परततो, अडकत नाही.

उंचीचा हिशोबही यावरच. 100 आस खोल आणि 120 मिमी आस म्हणजे ताणून 12 मीटर, पण अर्ध्या प्रमाणात बांधलेलं जाळं पाण्यात साधारण 10.4 मीटर उभं राहतं. तळ किती खाली आहे त्यावरून खालच्या दोराची जागा ठरवताना 12 धरू नका.

आस मोजायचा तो ओला, ताणून, गाठीच्या मध्यापासून समोरच्या गाठीच्या मध्यापर्यंत. एकच आस मोजू नका. दहा आस सलग मोजा आणि दहानं भागा. ठिगळाला आस जुन्याएवढाच हवा. तंगूसला एकेरी गाठ घसरते, म्हणून दुहेरी घाला आणि ओली करून ताणा.

शिसं (खालच्या दोराची वजनं) आणि बुचं (वरच्या दोराचे तरंगणारे गोळे) यांची तपासणी सगळ्यात शेवटी. बुच दाबून बघा. पाणी प्यालेलं बुच वजनदार लागतं आणि दाबल्यावर ओलावा सोडतं. अशी पाच-सहा एकाच ठिकाणी आली की जाळं तिथे खाली बसतं.

वेंगुर्ल्याची_तरती_जाळी
जाळंवाल्या दादा, धाग्याची चाचणी केली. बारापैकी पाच तुकडे गेले. इंजिन नंबराचा अर्जही आज टाकला. आता तडा. पाऊस थांबेपर्यंत वाट बघू का? आणि दोन महिने बंद असलेल्या इंजिनात कुठे हात घालू?

फायबर_मिस्त्री
ओल्या फायबरवर मॅट (काचतंतूंचं कापड) चढवू नका. वर कोरडं दिसलं तरी तड्याच्या आत पाणी असतं आणि ते नंतर बुडबुडा करून सगळं उचलतं. ताडपत्रीचा मांडव घाला, तडा पूर्ण उघडा आणि कोरडा होऊ द्या. वर दोन बल्ब दोन-तीन दिवस लावून ठेवा.

घासायचं कसं, तर तडा 6 मिमी जाडीच्या भागात असेल तर दोन्ही बाजूंनी 12 पट, म्हणजे 72 मिमी उतार द्या. नुसत्या खोबणीत मॅट भरली तर लाटेचा मार बसताच सांधा उघडतो. मॅटच्या वजनाच्या साधारण दुपटी-अडीचपटीनं राळ (रेझिन) लागते. जास्त ओतली तर दुरुस्ती ठिसूळ होते.

हे मात्र चुकवू नका: राळ घट्ट करणारी दोन रसायनं, कोबाल्ट आणि हार्डनर, ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट राळेत पूर्ण ढवळा, मगच हार्डनर, किलोला 10 ते 20 ग्रॅम. चष्मा घाला. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. पावसाळी हवेत पूर्ण घट्ट व्हायला जास्त वेळ लागतो म्हणून हार्डनरचा डोस वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. गरमीनं मॅट तडकते.

इंजिनाला हातानं फिरवून बघा, मगच स्टार्टर. ऑइलची काडी काढल्यावर दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, सुरू करू नका. समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतलं रबरी पातं-चाक) बदला. बंद काळात त्याची पाती एका बाजूला वाकून बसतात, मग पाणी कमी जातं आणि इंजिन तापतं. डिझेल टाकी अर्धी राहिली असेल तर आत वाफेचं पाणी जमलं असणार. तळाचं पाणी आणि गाळ काढा, फिल्टर नवा घाला आणि हवा सोडा.

शाफ्टच्या ग्लँडमध्ये (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागात) नवी दोरी घालताना प्रत्येक कडी तिरकी कापा, सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. चालू शाफ्टवर मिनिटाला दोन-चार थेंब गळणं योग्य आहे. पूर्ण थांबवलं की दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते. जस्ताचा अ‍ॅनोड (बाकी धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा तुकडा) अर्ध्यावर आला असेल तर बदला, आणि त्यावर रंग लावू नका. रंगवलेला अ‍ॅनोड काहीच करत नाही.

बंदरावरचा
थोडं आणखी. यांत्रिकी नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी, म्हणून 1 ऑगस्टला निघता येतं. पण हवामान खात्याचा इशारा असेल तर निघू नका. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणारे उगाच थांबत नाहीत.

बोटीवर पाचही जणांची जॅकेटं, बंद-पट्ट्या ओढून पाहिलेली. फ्लेअरवरची (संकटात पेटवायच्या मशालीवरची) तारीख वाचा. व्हीएचएफ रेडिओचं चॅनेल 16 बंदरातच लावून बघा. तटरक्षक 1554 आणि सागरी पोलीस 1093 हे आकडे केबिनमध्ये रंगवून ठेवा. ट्रान्सपाँडर (बोटीची जागा कळवणारं यंत्र) असेल तर नभमित्र ॲपवर बोट दिसते का ते निघण्याआधी पाहा. सगळ्यांची आधार कार्डं मूळ, ओली न होणाऱ्या पिशवीत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यूला 5 लाख मिळतात, पण नाव आधीच यादीत असेल तर. नवा खलाशी घेतला की आधी संस्थेकडे नाव नोंदवा.

आणि पापलेट 135 मिमीपेक्षा लहान, सुरमई 370 मिमीपेक्षा लहान विकता येत नाही. ठिगळ लावलेल्या तुकड्यांत लहान आस शिरला तर नेमकी हीच पिल्लं अडकतात, म्हणून उरलेल्या सातही तुकड्यांचा आस दहा-दहा मोजून एका वहीत लिहून ठेवा.