सुरगाणा-पेठचं स्थलांतर रोखणं हे उद्योग धोरणाचं काम आहे का?
(टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

गोदाकाठ
भात-नागली निघाली की नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांमधली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांवर येतात. डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, काढणी. पोरंही बरोबर, म्हणजे त्यांची शाळा गेली. 2022 च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातला जोडा’ अशी मागणी केली होती. रस्ता, दवाखाना, रोजगार, काहीच नाही म्हणून.

मागास भागात कारखाने जावेत म्हणून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालू आहे. तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त: कराचा परतावा, वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी. बदल्यात 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्यायच्या. पण राज्यात 15 वर्षं वास्तव्य असलेला कोणीही या अटीत बसतो. म्हणजे सुरगाण्याचा एकही मुलगा न घेता सिन्नरचा कारखाना ही अट पूर्ण करू शकतो, आणि तेही कायदेशीरपणे.

हे बदला. सिन्नर, अक्राळे, गोंदे इथल्या औद्योगिक वसाहतींत सवलत घेणाऱ्या मोठ्या कारखान्यांनी शिकाऊ उमेदवारांच्या ठरावीक जागा सुरगाणा आणि पेठच्या आयटीआयमधून भराव्यात. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. नवा कायदा नको, असलेल्या जागा कुठून भरायच्या एवढंच ठरवायचं आहे.

अंबडचा वर्कशॉपवाला
विरोध नोंदवतो. माझं प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवतो. मोठ्या गाडी कंपनीला माल पुरवणाऱ्याला मी माल पुरवतो. बिलाचे पैसे 45 दिवसांत द्या असं कायदा सांगतो, हातात कधी पडतात ते नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत कुणालाही विचारा. तुम्ही अट मोठ्यांवर घालाल, ते ती खाली आमच्यावर ढकलतील.

सुरगाणा इथून नव्वदेक किलोमीटर. रोज ये-जा शक्य नाही. शिकाऊ मुलाचं विद्यावेतन खोलीभाडं आणि मेसमध्येच संपतं, मग दोन महिन्यांत तो गावी परततो आणि मशिनवर पुन्हा नवा माणूस. शिक्षण, दवाखाना, रस्ता ही सरकारची कामं आहेत. ती कारखान्याच्या सवलतीला बांधलीत तर कारखानाच गुजरातेत वापी-वलसाडला जाईल. तेही जवळच आहे.

गोदाकाठ
वापीची भीती प्रत्येक अटीच्या वेळी दाखवली जाते. धोरणाने उद्योग आणता येतो हे याच जिल्ह्यात घडलंय. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइनरींना उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला वाइन पार्क झालं. बागायतदाराच्या मालासाठी सरकार इतकं करू शकतं. त्याच बागेत राबणाऱ्यासाठी का नाही?

आश्रमशाळेतली बाई
तुम्ही दोघंही मुलांना खालीच आणताय. आज मळ्यावर, उद्या कारखान्यात. गाव रिकामं ते रिकामंच. आमच्याकडे आंबा, नागली, वरई, आता स्ट्रॉबेरीही होते. पाऊस धो-धो, आणि उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी दरीत उतरतात. सवलतीचा पैसा आधी पाणी साठवण्यावर आणि तीन फेज विजेवर लावा, मग प्रक्रिया उद्योग तालुक्यातच उभे राहतील.

आणखी एक. ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं काम करत असतील तर कारखान्याला पाळणाघर ठेवावं लागतं. मळा हा कारखाना नाही, म्हणून तिथल्या बाईचं लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत. माझ्या वर्गातल्या मुली त्या लेकराला सांभाळायला जातात, म्हणून नोव्हेंबरनंतर पटावर नाव असतं, मुलगी नसते. द्राक्ष निर्यातीला सवलत देताना पाळणाघराची अट घाला. ही अट घातली म्हणून द्राक्षबाग कुणी वापीला उचलून नेणार नाही.

अंबडचा वर्कशॉपवाला
बाई, पाळणाघराचं पटलं. द्राक्षाच्या एका पेटीमागे तो खर्च किरकोळ आहे, बागायतदारांनीही मान्य करावा.

शिकाऊ मुलांबाबत माझं मत कायम. औद्योगिक विकास महामंडळाने अंबडमध्ये वसतिगृह बांधावं, भाडं परवडेल असं ठेवावं. मी पेठची दोन मुलं घेईन, काम शिकवीन, टिकली तर कायम करीन. तेच सवलतीची अट म्हणून लिहून आलं, तर उद्योजकांच्या बैठकीत विरोध करणाऱ्यांत मी असेन.

गोदाकाठ
वसतिगृहाचा मुद्दा माझ्या मागणीत घेतो. अट मात्र काढणार नाही. तुम्ही स्वतःहून दोन मुलं घ्याल; ज्यांना कोट्यवधींचा करपरतावा मिळतो, ते स्वतःहून किती घेतात ते इतकी वर्षं पाहतोच आहोत.